पाणी हक्काचं, कर्ज आपल्या नावावरचं



"पाण्यासाठी परदेशातून एवढा पैसा येतो म्हणतात, मग तो जातो कुठे? आमच्या नळाला तर दिवसाआड पाणी." कार्यक्रमाला फोन करणाऱ्या बायका हा प्रश्न वारंवार विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: "पाणी हा माणसाचा हक्क आहे असं तुम्ही सांगता. पण हक्क असेल तर तो मागायचा कोणाकडे?" हे दोन प्रश्न म्हणजे एकाच दाव्याची दोन टोकं आहेत. म्हणून आज दोन्ही एकदमच घेऊ.

आधी परदेशी पैशाचं. आपल्या उरण तालुक्यात तो आलाच नाही असं नाही. आला, आणि भरपूर आला. न्हावा-शेवाचं बंदर बांधायचं ठरलं तेव्हा जागतिक बँकेनं १९८४ साली त्यासाठी २५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघून आपल्याकडे चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू खुला झाला. त्याला जपानच्या 'जायका'चं कर्ज आहे. (जायका हे जपान सरकारच्या मदत संस्थेचं नाव, जेवणाच्या चवीशी त्याचा संबंध नाही.) म्हणजे चाळीस वर्षांत दोन मोठी परदेशी कर्जं आपल्या किनाऱ्याला लागली. एक बंदरासाठी, दुसरं पुलासाठी. द्रोणागिरीच्या डोंगराच्या आजूबाजूच्या गावांत मात्र उन्हाळा तोंडावर आला की पाणीकपातीची बोलणी सुरू होतात आणि मोकळी पिंपं दारात येतात.

यात बंदर नको होतं किंवा पूल नको होता असं आमचं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की परदेशी पैसा आपोआप कुठे वाहत नाही. कशासाठी मागायचा ते आपलं सरकार ठरवतं, आणि ज्याच्यासाठी मागितला त्याच्यावरच तो खर्च होतो.

'मदत' हा शब्दही जरा फसवा आहे. मदत म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणी तरी उदार होऊन दिलं. काही पैसा तसा येतो, त्याला अनुदान म्हणतात आणि ते परत करावं लागत नाही. पण पाण्याच्या मोठ्या योजनांना आलेला पैसा बहुतेक वेळा कर्जच असतो. व्याज कमी, फेडीची मुदत वीस-तीस वर्षांची, पण कर्ज ते कर्जच. केंद्र सरकार सही करतं, राज्याला रक्कम मिळते आणि फेड तुमच्या-आमच्या करातून होते. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण कर भरतोच. बचत गटात कर्ज काढताना आपण काय करतो? कोणी घेतलं, कशाला घेतलं, हप्ता किती, हे सगळं वहीत लिहितो आणि बैठकीत वाचून दाखवतो. गावाच्या पाण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हिशोब विचारायला मग आपण का लाजायचं?

महाराष्ट्रात हे जुनंच आहे. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी आणि सांडपाण्यासाठी जागतिक बँकेचं पहिलं कर्ज १९७३ साली आलं. खेड्यांसाठी मोठं काम झालं ते 'जलस्वराज्य' प्रकल्पात. २००३ ते २००९ या काळात राज्याच्या २६ जिल्ह्यांत तो चालला आणि त्यालाही जागतिक बँकेचंच कर्ज होतं. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांत 'आपलं पाणी' नावाचा तसाच प्रकल्प जर्मनीच्या मदतीनं झाला.

जलस्वराज्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात बायकांसाठी पुष्कळ होतं. तोपर्यंत रीत अशी होती की अभियंता यायचा, टाकी कुठे हे ठरवायचा, ठेकेदार बांधायचा आणि गावाच्या हातात किल्ली द्यायचा. पंप बिघडला की गाव पुन्हा जिल्हा परिषदेच्या दारात. जलस्वराज्यात योजना गावानं निवडायची, ग्रामसभेत मंजूर करायची, पैसा गावाच्या समितीच्या खात्यात यायचा. समितीत निम्म्या बायका. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. खर्चावर नजर ठेवायला सामाजिक लेखापरीक्षण समिती. शिवाय महिला विकास समिती आणि तिच्यासाठी वेगळा सक्षमीकरण निधी. त्यातून बायकांनी धंदे काढले. आज कितीतरी गावांत धीटपणे माइक हातात घेणाऱ्या बायका आहेत, त्यांतल्या काहींनी पहिली सही जलस्वराज्याच्या चेकवर केलेली आहे.

पण सगळं गोड नव्हतं. लोकवर्गणीची अट होती, खर्चाच्या दहा टक्के. वीस लाखांची योजना असेल तर दोन लाख गावानं भरायचे, रोख किंवा श्रमदानानं. गावाला आपलेपणा वाटावा हा हेतू चांगला. पण ज्या वाडीत मजुरी सहा महिनेच मिळते, तिनं ही रक्कम आणायची कुठून? जी गावं आधीच बऱ्या स्थितीत, ती वर्गणी लवकर भरून पुढे जातात आणि ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज ती मागे राहतात. आमच्या मते ही अशा योजनांची सगळ्यात मोठी खोट आहे. दुसरी खोट तुम्हाला माहीत आहेच. समितीत नाव बाईचं आणि बैठकीला खुर्चीवर तिचा नवरा.

आता हक्काकडे येऊ, कारण या दोन्ही खोटींना उत्तर तिथेच आहे.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलिव्हिया या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या देशानं एक ठराव मांडला: सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे. १२२ देशांनी बाजूनं मत दिलं, विरोधात एकही नाही, ४१ देश तटस्थ राहिले. भारतानं बाजूनं मत दिलं. याच ठरावात असंही म्हटलं आहे की गरीब देशांना हे पाणी देता यावं म्हणून इतर देशांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी पैसा, तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण पुरवावं. म्हणजे हक्क आणि मदत ही जोडी आम्ही जुळवलेली नाही, ती ठरावातच आहे. २०१५ मध्ये याच आमसभेनं स्वच्छतेचा हक्क पाण्यापासून वेगळा मोजला, कारण दोन्ही एका गाठोड्यात बांधले की नळाचं काम होतं आणि संडास मागे राहतो.

त्याच्याही आधीची गोष्ट खास बायकांची. स्त्रियांवरचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ सालचा, त्याला थोडक्यात 'सीडॉ' म्हणतात. भारतानं तो १९९३ मध्ये मान्य केला. त्याचं १४ वं कलम फक्त ग्रामीण स्त्रियांबद्दल आहे आणि त्यात घर, वीज, पाणी आणि स्वच्छता यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

पण मैत्रिणींनो, पाण्याचा हक्क आपल्याला परदेशातून कळला असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रं जन्मालाही आली नव्हती तेव्हा याच आपल्या जिल्ह्यात, त्या वेळी त्याला कुलाबा म्हणत, महाडला हा हक्क मागितला गेला. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र कोणी जाऊ देईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं! ठराव होणं आणि पाणी मिळणं यांत किती अंतर असतं हे रायगडच्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आज आपल्या कायद्यात हा हक्क कुठे आहे? राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे आणि त्यात स्वच्छ पाणी येतं असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालापासून सांगितलं आहे. त्याहून आपल्या उपयोगाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, डिसेंबर २०१४ चा. पाणी हक्क समितीनं मुंबई महापालिकेविरुद्ध याचिका केली होती. सन २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका पाणी देत नव्हती. न्यायालय म्हणालं, झोपडी बेकायदा असेल, तरी तिथे राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. पाणी दिलं म्हणून झोपडी कायदेशीर होणार नाही, पण पाणी अजिबात देणार नाही असं म्हणता येणार नाही. वाडीतल्या कातकरी बाईला, वीटभट्टीवरच्या मजुरणीला, गावठाणातल्या भाडेकरूला "तुमचा सातबारा कुठे आहे?" असं विचारून परत पाठवलं जातं, तेव्हा हा निकाल आठवा.

हक्क मोजायचा कसा, हेही ठरलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबानं माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी हवं. ते घरापासून एक किलोमीटरच्या आत हवं आणि आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त लागू नये. त्याचा खर्च घरच्या कमाईच्या तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. महिन्याला दहा हजार कमावणाऱ्या घराला म्हणजे तीनशे रुपये. टँकर, जार आणि नळपट्टी मिळून तुमचा आकडा किती होतो तो आज रात्री मांडून बघा. आपल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरले आहेत. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. दोनशे लिटरचं एक पिंप आणि वर पंधरा लिटरचे पाच हंडे. दिवसाआड पाणी येत असेल तर एका पाळीत याच्या दुप्पट भरलं पाहिजे. येतं का तेवढं? "पाणी कमी येतं" असं म्हटलं की समोरचा मान हलवतो. "पंधरा दिवस मोजलं, सरासरी १४० लिटर आलं" असं म्हटलं की तो लिहून घेतो.

मागायचं कोणाकडे, हा आपल्या भागात खरा गुंता आहे. उरण शहराला, कारखान्यांना आणि बऱ्याच ग्रामपंचायतींना पाणी येतं रानसई धरणातून, ते एमआयडीसीचं. द्रोणागिरी नोडमधल्या नव्या इमारतींना सिडको पाणी देते, ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं. पूर्वेकडच्या काही गावांना पुनाडे धरण. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूच्या इमारतीचं पाणी एका खात्याचं, समोरच्या गावठाणाचं दुसऱ्या. बाई एमआयडीसीकडे गेली की ते ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतात, ग्रामपंचायत थकबाकीचा कागद दाखवते, सिडको म्हणते गावठाण आमच्या हद्दीत नाही. आणि धरणाच्या उशाला असलेल्यांचं काय? रानसईच्या आदिवासी वाड्या धरणाजवळ असून उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईत येतं आणि पेणचा खारेपाट कोरडा राहतो, म्हणून तिथल्या बायकांनी हंडे घेऊन मोर्चे काढले.

हक्काची भाषा इथे उपयोगी पडते. कोणतं खातं ते बाईनं शोधायचं नसतं. हक्क पुरवण्याची जबाबदारी सरकारची, आणि सरकार एकच. खात्यांनी आपसात काय ते ठरवावं. म्हणून अर्ज करताना एकाच कागदावर तिन्ही कार्यालयांची नावं घाला, प्रत तहसीलदारांना द्या आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना मिळाली. आज कोणाला किती मीटर मिळाले, कोणाचं अडकलं, हा हिशोब आपल्या घराघरांत तोंडपाठ आहे. पाण्याचा हिशोब तसा पाठ नाही. जमीन पुरुषांच्या नावावर होती आणि पाणी बायकांच्या डोक्यावर, हे त्याचं एक कारण असावं असं आम्हाला वाटतं.

आता संडासाकडे वळू. ते बोलायला लाज वाटते म्हणून नेहमी शेवटी येतं. स्वच्छ भारत मिशनमध्ये घरटी १२,००० रुपये मिळाले, त्या मिशनसाठीही जागतिक बँकेनं डिसेंबर २०१५ मध्ये १५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. संडास झाले हे चांगलंच झालं. अंधाराची वाट बघत दिवसभर पाणी न पिता राहणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण खाडीकाठी एक वेगळी अडचण आहे. इथे जमिनीखालचं पाणी वर असतं. आजूबाजूला उंच भराव झाल्यावर गावठाण खोलगट राहतं आणि पावसात पाणी तिथेच साचतं. शोषखड्ड्यानं पाणी जमिनीत जिरवायचं असतं, पण जमीनच भरलेली असेल तर तो उलटा वर येतो. मग त्यातला मैला विहिरीत, गटारात आणि मुलांच्या पायाशी. अशा ठिकाणी 'संडास बांधला, फोटो काढला' एवढ्यानं हक्क पुरा होत नाही. खड्डा उंचावर बांधावा लागतो किंवा बंद टाकी करून ती वेळच्या वेळी उपसावी लागते. नोडच्या इमारतींना गटारवाहिनी आहे, मग शेजारच्या गावठाणाला ती का जोडता येत नाही, हा प्रश्नही विचारायला हरकत नाही.

टाकी उपसताना मात्र एक पाळा. गाडी आणि पाइपनंच उपसा करून घ्या, माणसाला आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूनं माणूस दोन मिनिटांत जातो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली आहे. आपला स्वच्छतेचा हक्क दुसऱ्याच्या जिवावर असू नये.

२०१७ साली संयुक्त राष्ट्रांचे पाणी-स्वच्छता हक्काचे विशेष प्रतिवेदक लिओ हेलर भारतात येऊन गेले. ब्राझीलचे गृहस्थ. स्वच्छ भारतच्या चिन्हात गांधीजींचा चष्मा आहे, त्या चष्म्याला मानवी हक्कांची काच बसवायला हवी, असं ते म्हणाले. सरकारला ते रुचलं नाही. याच हेलर यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये आमसभेला दिलेले अहवाल आपल्या आजच्या विषयावरच होते: परदेशी मदत देताना आणि घेताना हक्क पाळले जातात का?

आणि पाळले नाहीत तर? इथेही आपल्या माणसांनी वाट पाडली आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये कर्ज दिलं. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेलं मणिबेली हे बुडणाऱ्या गावांतलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. तिथले आदिवासी आणि नर्मदा खोऱ्यातले लोक हटले नाहीत, तेव्हा बँकेला स्वतंत्र चौकशी करावी लागली. १९९२ च्या त्या अहवालानं पुनर्वसनातले दोष उघडे केले. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी बँकेनं लोकांच्या तक्रारींसाठी 'तपासणी पॅनेल' स्थापन केलं. बँकेच्या पैशातल्या कामामुळे नुकसान होत असेल तर दोन माणसंही तिथे अर्ज करू शकतात. २००४ मध्ये मुंबईतल्या रेल्वे-रस्ते प्रकल्पात हलवलेल्या लोकांनी असे अर्ज केले. चौकशी झाली आणि २००६ मध्ये बँकेनं त्या कामाचे पैसे काही महिने रोखून धरले.

एवढ्या लांब जाण्याआधी जवळचं दार ठोठावा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत विचारा: आपल्या गावाच्या योजनेत पैसा कोणाचा, किती आला, किती खर्च झाला? त्यात कर्ज आहे का? पाणी समितीत निम्म्या बायका कोण, त्यांची नावं वाचा. गावात पाणी तपासणीसाठी पाच बायकांना शिकवायचं असतं, त्या कोण आणि संच कुठे ठेवला आहे? कोणती वाडी सुटली? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही दहा रुपये नाहीत.

पुढच्या भागात जलसुरक्षक टीसीएल पावडर किती टाकतो आणि पाणी पिवळं होणारी क्लोरीनची चाचणी कशी करतात ते सांगणार आहोत. तोपर्यंत पंधरा दिवस रोज किती पिंपं आणि किती हंडे भरले ते कॅलेंडरवर त्या-त्या तारखेखाली लिहा. आकडे आम्हाला कळवा, गावाच्या नावासह. पुढच्या भागात वाचून दाखवू.